सव्वा महिना संपल्यावर

(हातात स्टीलचा डबा)

हा डबा ओळखीचा असेल. डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू. बाळंतिणीला भेटायला येणारा प्रत्येक जण विचारतो, "दूध पुरतंय ना बाळाला?" तुला झोप लागते का गं, हे किती जण विचारतात?

तिसऱ्या-चौथ्या दिवशी उगाच रडू येतं. बाळंतपणानंतर हार्मोन्स एकदम उतरतात. दोन आठवड्यांत हे ओसरतं. त्यापुढे टिकलं, तर तो आजार. बऱ्याचदा गरोदरपणातच सुरू झालेला. भारतातले अनेक अभ्यास एकत्र करून 2017 साली आकडा आला: सुमारे 22 टक्के बाळंतिणींना नैराश्य. पाचातली एक. तरी आपण म्हणतो, नजर लागली.

आपल्याकडे सव्वा महिना पाळतात. मातामृत्यूचा हिशोबही जवळजवळ तितकाच, बाळंतपणानंतर 42 दिवस. ब्रिटनमध्ये मातामृत्यूंची बारकाईने चौकशी होते. तिथे सहा आठवड्यांपासून वर्षापर्यंत, गरोदरपण-बाळंतपणाशी थेट जोडलेल्या आयांच्या मृत्यूंचं सगळ्यात मोठं कारण आत्महत्या आहे. म्हणजे ओटी भरून ती सासरी गेली, डबे रिकामे झाले, पाहुणे पांगले. त्यानंतर.

बाळंतिणीचं नैराश्य ओळखायला डॉक्टर वापरतात ती एडिंबर्गची प्रश्नावली 1987 ची, दहा प्रश्नांची. दहावा प्रश्न: स्वतःला इजा करावी असं मनात आलं का? नेमका हाच गाळावासा वाटतो. "नको बाई, नसतं डोक्यात भरायचं!" विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही. उलट ती आत कोंडून बसलेली असते. बाळ झोपल्यावर शेजारी बसा, सरळ विचारा, "जगणं नकोसं वाटतं का गं?"

हो म्हणाली, तर "बाळाच्या तोंडाकडे बघ" हे कृपा करून नको. आधीच तिला वाटतंय, आपण वाईट आई आहोत. एकटी सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. अंगावर पाजतानाही चालणारी औषधं आहेत. चालू गोळ्या मनाने बंद करू नका.

एक मात्र तातडीचं. बाळ झोपलं तरी ती रात्र-रात्र जागी, भलतेच संशय, कानात आवाज. हजारात एखाद-दोघींना होतं. देवऋषी नाही, थेट हॉस्पिटल.

टेली-मानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर 14416. चोवीस तास, फुकट, मराठीतही. फोन तिनेच करायला हवा असं नाही. नवऱ्याने केला, जावेने केला, तरी चालतो.