केसपेपर, १० रुपये (माहितीपटाचं निवेदन)

सकाळचे पावणेसात. परळ. महापालिकेच्या केईएम रुग्णालयाच्या दगडी इमारतीवर ऊन यायला वेळ आहे, पण केसपेपरच्या खिडकीसमोरची रांग केव्हाच बाहेर आलीय. कुठे माणसाच्या जागी नुसती फाइल ठेवलेली दिसते. मागचे तिचाही नंबर मानतात.

या मावशी सातारा जिल्ह्यातल्या वडूजच्या. रात्रीच्या एसटीनं निघाल्या, परळ डेपोला उतरल्या, तिथून चालत आल्या. हातातल्या पिशवीत जुने रिपोर्ट, छातीचा एक्सरे, रेशनकार्ड आणि आधारची झेरॉक्स. खिडकीवर त्या १० रुपये देतात आणि हा कागद हातात येतो. याच कागदावर आज हृदयरोगाचे डॉक्टर त्यांना तपासणार आहेत.

हा कागद १० रुपयांत मिळतो, कारण शंभर वर्षांपूर्वी या शहरानं एक जबाबदारी अंगावर घेतली. तेव्हा मुंबईत डॉक्टर व्हायचं तर मुख्यतः ग्रँट मेडिकल कॉलेज. तिथं शिकवण्याच्या मोठ्या जागा इंग्रज सरकारच्या वैद्यकीय सेवेकडे. सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या विश्वस्तांनी नव्या कॉलेजला देणगी दिली, ती अट घालून: शिकवणारे भारतीय असतील आणि सरकारी नोकरीतले नसतील. कॉलेजला जोडून हे रुग्णालय चालवायचं ते महापालिकेनं. १९२६ मध्ये, गिरणगावाच्या मधोमध, हे दरवाजे उघडले. डॉ. जीवराज मेहता पहिले डीन. पुढे ते गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. १९८६ मध्ये शास्त्रीय नोंद असलेलं देशातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं तेही इथंच, एका पालिका रुग्णालयात. ही गोष्ट आम्हाला मुद्दाम सांगावीशी वाटते. स्वस्त म्हणजे दुय्यम, असं ज्यांना वाटतं त्यांनी हा व्हरांडा चालून बघावा.

आज इथं सुमारे १८०० खाटा आहेत. वर्षाला ओपीडीत सुमारे १८ लाख रुग्ण येतात.

(निवेदन थांबतं. वॉर्डमधले आवाज. दोन खाटांच्या मधे जमिनीवर घातलेली गादी.)

तळमजल्यावरचं हे टेबल आरोग्यमित्राचं, म्हणजे सरकारी योजनेसाठी रुग्णाचे कागद पुढे पाठवणाऱ्या माणसाचं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, तेव्हा नाव वेगळं होतं. आता वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचे उपचार, खासगी रुग्णालयातसुद्धा. आरोग्यमित्र कार्ड तपासतो, फोटो काढतो, कागद अपलोड करतो, मग मंजुरीची वाट. योजनेच्या बाजूनं बोलणारे म्हणतात, सरकारनं रुग्णालयं चालवत बसू नये, बिल भरावं. गरिबाला हवं तिथं जाता येईल. या म्हणण्यात तथ्य आहे. याच टेबलावरून बायपास झालेली माणसं आम्हाला भेटली.

पण मावशींना आज भरती व्हायचं नाहीये. त्यांना तपासणी हवीय, ईसीजी हवाय, आणि रोज घ्यायच्या गोळ्या हव्यात, या महिन्यात, पुढच्या महिन्यात, कदाचित जन्मभर. योजना मुख्यतः भरती झालेल्या रुग्णाचं बिल भरते. गोळ्यांचा खर्च तिच्यात बसत नाही. २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशात आरोग्यावर खर्च होणाऱ्या दर १०० रुपयांतले ३९ लोकांनी स्वतःच्या खिशातून भरले. सरकारचा खर्च होता जीडीपीच्या १.८४ टक्के. २०१७ च्या आरोग्य धोरणानं २०२५ पर्यंत अडीच टक्क्यांचं वचन दिलं होतं. म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे: सरकारनं बिलं भरावीत, पण त्याआधी ही खिडकी चालवावी. तिच्यामागे औषधं ठेवावीत, डॉक्टरांच्या जागा भराव्यात, आणि उपनगरातली पालिका रुग्णालयं खासगी संस्थांच्या हाती देऊ नयेत.

दुपारचा दीड. औषधांची खिडकी. चिठ्ठीवर तीन औषधं. दोन मिळाली. तिसरं बाहेरून.

रस्त्यापलीकडचं हे केमिस्टचं दुकान. मावशी आधी किंमत विचारतात, मग पंधरा दिवसांच्या ऐवजी पाच दिवसांच्या गोळ्या मागतात.

ज्यांचा खर्च याहून मोठा, ते समाजसेवा अधिकाऱ्याच्या खोलीबाहेर बसलेत. पूअर बॉक्सचा, म्हणजे गरीब रुग्णांसाठीच्या रुग्णालयाच्या निधीचा अर्ज, ट्रस्टचा अर्ज, मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज. प्रत्येकाला वेगळी झेरॉक्स. काहींनी गावी जमीन गहाण टाकलीय.

(खोलीबाहेरचा बाक. चेहरे. निवेदन नाही.)

संध्याकाळी मावशी पुन्हा परळ डेपोत. पुढची तारीख पंधरा दिवसांनंतरची. केसपेपर चार घड्या करून त्यांनी रेशनकार्डात ठेवलाय.