दुर्बीण की रोबोट?

(दादरमध्ये सर्वसामान्य श्रोत्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन दुर्बिणीने करायचं की रोबोटने, हा आजचा विषय. आधी एक गैरसमज दूर करतो. रोबोट स्वतःहून ऑपरेशन करत नाही. सर्जनच करतो, फक्त टेबलाजवळ उभं राहण्याऐवजी थोड्या अंतरावर कन्सोलपाशी, म्हणजे रोबोट चालवायच्या यंत्रापाशी बसून. त्याचं मनगट वळलं की पोटातल्या हत्याराचं टोकही वळतं. त्याने हात थांबवला की यंत्र थांबतं. तेव्हा ‘मला रोबोटकडूनच करून घ्यायचंय’ असं कोणी म्हणालं, की मी विचारतो, रोबोटवर बसणार कोण?

आता गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा शेवटचा, साधारण 15 सेंटिमीटरचा भाग. तो कमरेच्या हाडांच्या कड्यात असतो आणि हे कडं खाली नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं. पुरुषांत ते आणखी अरुंद. समोर मूत्राशय आणि प्रोस्टेट, मागे माकडहाड, दोन्ही बाजूंना लघवीच्या आणि लैंगिक क्रियेच्या नसा. गुदाशयाभोवती चरबीचं एक आवरण असतं. गाठीसकट ते आवरण अखंड, न फाटता बाहेर काढायचं, हे तंत्र इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचे सर्जन बिल हील्ड यांनी 1982 मध्ये मांडलं. पोट उघडून करा, दुर्बिणीने करा, रोबोटने करा. परीक्षा होते ती या आवरणाचीच. कापलेल्या कडेवर कॅन्सरच्या पेशी सापडल्या, तर तो त्याच जागी परत येण्याची भीती वाढते.

दुर्बिणीची हत्यारं लांब आणि सरळ. उंच, निमुळत्या बरणीच्या तळाची लोणच्याची फोड दोन सळ्यांनी सोडवायची, आणि फोडीला ओरखडाही उठू द्यायचा नाही, अशी ती कसरत. रोबोटच्या हत्याराला मनगट असतं, चित्र त्रिमितीय दिसतं, कॅमेरा सर्जनच्याच ताब्यात असतो आणि हाताचा कंप गाळला जातो.

मग निकाल रोबोटच्या बाजूने लागायला हवा. पण 2017 मध्ये दहा देशांतल्या 471 रुग्णांचा ‘रोलार’ अभ्यास आला. मध्येच पोट उघडावं लागण्याचं प्रमाण दुर्बिणीत 12.2 टक्के, रोबोटमध्ये 8.1 टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, आणि रोबोटचा खर्च मात्र जास्त. अर्थात त्यातल्या सर्जनांचा हात दुर्बिणीवर अधिक बसलेला होता, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुढे चीनमधल्या 11 रुग्णालयांनी गुदाशयाच्या मधल्या आणि खालच्या भागातल्या गाठींचा अभ्यास केला, जवळपास बाराशे रुग्णांचा. 2025 मध्ये त्याचे तीन वर्षांचे निकाल आले. त्या भागात कॅन्सर परत येण्याचं प्रमाण रोबोटनंतर 1.6 टक्के, दुर्बिणीनंतर 4 टक्के. रुग्ण किती जगले, यात मात्र लक्षणीय फरक नव्हता. हे सर्जन अनुभवी होते. त्यांचे आकडे उचलून पाच-दहा ऑपरेशनं केलेल्या सर्जनच्या नावावर लावता येणार नाहीत.

मागे कोकणातून एक ताई नवऱ्याला घेऊन आल्या. इथल्याच एका धर्मशाळेत उतरल्या होत्या. रोबोटसाठी कलमांची बाग गहाण टाकायची तयारी झाली होती. एमआरआयमध्ये गाठ वर दिसत होती, गुदद्वारापासून 12 सेंटिमीटरवर, आणि त्या आवरणाच्या कडेपर्यंत पोचलेली नव्हती. मी म्हटलं, “ताई, बागेला हात लावू नका. हे दुर्बिणीने उत्तम होईल.” त्यांचा विश्वास बसायला दोन भेटी लागल्या.

त्याच आठवड्यात एक स्थूल गृहस्थ आले. कडं अरुंद, गाठ 5 सेंटिमीटरवर. त्यांना आधी रेडिएशन दिलं आणि ऑपरेशनच्या वेळी मी स्वतःहून रोबोट सुचवला. वर्षभर संडासवाटे रक्त जात होतं आणि ते मूळव्याधीचं मलम लावत होते. त्या वर्षात एकदा जरी कोणी हातमोजा घालून बोटाने तपासलं असतं, तरी ती गाठ हाताला लागली असती.