खंदक आत, बांध बाहेर

नमस्कार मंडळी! नगरचा भुईकोट पाहिलाय ना? बाहेरून येताना आधी खंदक लागतो, मग तट. शत्रूला अडवायचं तर खंदक बाहेरच हवा.

आता हा हवाई फोटो बघा. इंग्लंडमधल्या विल्टशर परगण्यातलं एव्हबरी. गावाभोवती मातीचं हे भलंमोठं कडं दिसतंय? इथे बांध बाहेर आहे आणि खंदक आत. लढाईसाठी असं कोणी बांधणार नाही. साधारण साडेचार हजार वर्षांपूर्वी लोकांनी ही जागा बाकीच्या रानापासून वेगळी राखली, बहुधा विधींसाठी.

आणि खणलं कशाने, तर हरणाच्या शिंगाने! शिंगाचं टोक खडूसारख्या पांढऱ्या दगडात ठोकायचं, दांड्यावर भार टाकायचा, ढेकूळ उचकटायचं. असं करत करत खंदक 9 मीटर खोल नेला, म्हणजे तीन मजली इमारत उभी मावेल एवढा. ही झिजलेली शिंगं उत्खननात खंदकाच्या तळाशी सापडली. मला तर बांधापेक्षा ती शिंगंच जास्त जवळची वाटतात.

कड्याच्या आत मोठमोठ्या शिळांची वर्तुळं होती. सतराव्या-अठराव्या शतकात गावकऱ्यांनी त्यातल्या कितीतरी फोडल्या. शिळेभोवती जाळ करायचा, तापली की गार पाणी ओतायचं, मग घणाचे घाव. त्याच दगडांची घरं झाली.

पुढे 1871 च्या सुमारास इथल्या जमिनीवर घरं उठणार होती. खासदार जॉन लबक यांनी ती जमीनच विकत घेतली. प्राचीन स्मारकांसाठी कायदा व्हावा म्हणून तेच संसदेत झगडत होते. खाजगी मालमत्तेत सरकारने हात घालू नये, असा विरोध होता. अखेर 1882 मध्ये कायदा झाला आणि पहिल्या यादीत एव्हबरी आलं. पण तो लेचापेचाच होता. मालक राजी असेल तरच स्मारक सरकारच्या देखरेखीखाली यायचं.

आज तिथे 1979 चा कायदा लागू आहे. यादीतल्या स्मारकावर परवानगीशिवाय खणणं हा गुन्हा आहे. साधं मेटल डिटेक्टर फिरवायलाही परवानगी लागते.

शिळा फुटली तर लगेच दिसते हो. बांध मात्र गुपचूप झिजतो: नांगराने, सशांच्या बिळांनी, आपल्या बुटांनी. म्हणून एव्हबरीत कधीकधी बांधाचा एखादा भाग बंद ठेवतात, गवत पुन्हा धरेपर्यंत. तिथे गेलात आणि असा दोर लावलेला दिसला, तर खालच्या वाटेने जा.