धोक्याची जादू आणि पी. सी. सरकारांची करवत

नमस्कार श्रोतेहो. आज जादूवर बोलायचंय, पण टोपीतला ससा आणि रुमालातलं कबूतर आज बाजूला ठेवूया. आज धोक्याची जादू. करवतीने माणूस कापणं, पेटीत माणूस बसवून आरपार तलवारी खुपसणं, हातकड्या घालून पाण्यात उतरणं, ज्यात बघणारा नकळत शेजारच्याचा हात धरतो ना, ती जादू. आता गॅदरिंगचे दिवस आलेत, सोसायट्यांचे कार्यक्रम आहेत, तुमच्यापैकी कोणीतरी असा एखादा आयटम बसवत असणारच, आणि ज्यांना फक्त बघायचंय त्यांनीही ऐका, बघताना जास्त मजा येईल. ट्रिक कशी होते ते मी सांगणार नाही, ते कोणीच माइकवरून सांगू नये असं माझं स्पष्ट मत आहे. मी सांगणार आहे ती लोकांसमोर मांडायची कशी.

तर पहिली गोष्ट. धोका प्रेक्षकाच्या मनात असतो, स्टेजवर नसतो. परत सांगतो, धोका प्रेक्षकाच्या मनात असला पाहिजे, स्टेजवर अजिबात नको. बंधनांतून सुटून दाखवणारा प्रसिद्ध जादूगार हुडिनी, त्याचंच घ्या. 1908 साली त्याने दुधाच्या मोठ्या कॅनमधून सुटायचा प्रयोग सुरू केला. कॅन पाण्याने काठोकाठ भरलेला, हा आत, झाकणाला बाहेरून कुलपं. पण आत जायच्या आधी तो लोकांना सांगायचा की तुम्हीही माझ्याबरोबर श्वास रोखून धरा. झालं, थिएटरभर सगळे नाक धरून बसलेत, अर्ध्या-पाऊण मिनिटात एकेक जण हाश्श करून श्वास सोडतोय, आणि हा अजून आतच! आता ह्यात हुडिनीने धोक्याचं वर्णन केलं का? एक शब्द नाही. त्याने लोकांच्या छातीतच तो धोका नेऊन ठेवला. वर शेजारी कुऱ्हाड घेतलेला माणूस उभा. कुऱ्हाड कशाला ते सांगावं लागत नाही, बघणारा आपलं आपण समजतो.

आपल्याकडे काय करतात, निवेदक माइक घेऊन ओरडतो, "सावधान! जिवावर बेतणारा खेळ!" आणि मागून डीजेवर ढॅणढॅण म्युझिक. अहो, कशाला? मी तर म्हणतो आपल्या गॅदरिंगमधल्या निम्म्या निवेदकांच्या हातातला माइक काढून घेतला तरी कार्यक्रम सुधारेल, नाच असो, नाटक असो, बक्षीस समारंभ असो. प्रत्येक वाक्याला टाळ्या मागत फिरतात. असो, तो वेगळा विषय आहे, पण मनापासून वाटतं ते बोललो.

आता मला जो किस्सा सांगायचाय तो सांगतो, आणि जरा निवांत सांगतो कारण ह्या विषयातलं जवळजवळ सगळं ह्या एका किश्श्यात आहे.

9 एप्रिल 1956. सोमवार. लंडन. बीबीसी टेलिव्हिजनवर रात्री पॅनोरमा नावाचा कार्यक्रम लागायचा. लक्षात घ्या, हा जादूचा किंवा करमणुकीचा कार्यक्रम नाही, हा राजकारण, समाज, चालू घडामोडींचा एकदम गंभीर कार्यक्रम. रिचर्ड डिम्बलबी हे त्याचे निवेदक, म्हणजे असा माणूस की ज्याच्या तोंडून आलेली गोष्ट ब्रिटिश घरांमध्ये खरीच मानली जायची. आणि सगळं लाइव्ह बरं का, एडिटिंग वगैरे काही नाही, जे स्टुडिओत घडतंय तेच घराघरात दिसतंय.

त्या रात्री शेवटचा आयटम होता आपल्या भारतातल्या जादूगाराचा. पी. सी. सरकार. प्रतुलचंद्र सरकार, बंगालचे, 1913 साली टांगाइलला जन्मलेले, आज ते गाव बांगलादेशात आहे. डोक्यावर तुऱ्याची पगडी, अंगात राजासारखी शेरवानी, आणि शोचं नाव इंद्रजाल. लंडनला ते ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरमध्ये शो करायला आले होते. परका देश, तिथल्या लोकांना नाव माहीत नाही, तिकिटं खपायला हवीत, आणि हातात काय तर टीव्हीवरची काही मिनिटं.

त्यांनी निवडली करवत. माणूस कापायची जादू लंडनला नवी नव्हती हे आधी सांगतो. 1921 मध्ये पी. टी. सेल्बिट ह्या जादूगाराने लंडनमध्येच, फिन्सबरी पार्क एम्पायर थिएटरात बाईला लाकडी पेटीत घालून पेटी कापून दाखवली होती. हा सेल्बिटही मोठा कल्पक, दोन शोच्या मधल्या वेळात थिएटरबाहेरच्या गटारात लाल पाण्याच्या बादल्या ओतायला लावायचा! म्हणजे बघा, धोका कुठे उभा केला, तर रस्त्यावर, तिकीट काढायच्या आधीच. पण सेल्बिटकडे पेटी होती. पेटी असली की बघणाऱ्याला सुटका असते, तो म्हणतो आत काहीतरी असेल. सरकारांनी पेटीच ठेवली नाही. टेबल, टेबलावर मुलगी, आणि वरून मोठी गोल विजेची करवत, आपल्याकडे लाकडाच्या वखारीत असते तशी.

मुलगी होती दीप्ती डे. सतरा वर्षांची. सरकारांनी तिला संमोहित केल्यासारखं केलं, टेबलावर झोपवलं, करवत सुरू केली. त्या करवतीचा आवाज डोक्यात आणा तुमच्या. करवत खाली आली. खाली आली आणि तिच्या अंगातून गेली, सरळ, मधोमध. आणि घरी बसलेल्या माणसांमध्ये असेही होते ज्यांनी टीव्ही नुकताच लावलाय, जादूचा आयटम आहे हेही ज्यांना माहीत नाही, त्यांना बातम्यांच्या कार्यक्रमात एक पोरगी कापली जाताना दिसतेय.

करवत बंद झाली. आता काय व्हायला पाहिजे? जादूगार टाळी वाजवणार, मुलगी डोळे उघडणार, उठून हसणार, आपण सगळे हुश्श करणार. बरोबर? सरकार तिच्याजवळ गेले. तिचे हात चोळले. ती हलली नाही. तिला हाक मारली, हलवून बघितलं. ती हलली नाही. सरकारांनी मान हलवली, आणि एक काळं कापड घेऊन तिच्या चेहऱ्यावर टाकलं.

आणि त्याच क्षणी डिम्बलबी कॅमेऱ्यासमोर आले, कार्यक्रम संपला असं सांगितलं, आणि नावं यायला लागली. संपलं. कार्यक्रम बंद!

श्रोतेहो, तुम्ही त्या घरात असता तर काय केलं असतं? त्या लोकांनी फोन उचलले. बीबीसीच्या लाइम ग्रोव्ह स्टुडिओच्या फोन लाइन जाम झाल्या. पोरगी मेली का? सांगा, पोरगी जिवंत आहे का? बीबीसीला खुलासा करावा लागला की मुलगी एकदम ठीक आहे, आयटम लांबला, कार्यक्रमाची वेळ संपली म्हणून थांबवावं लागलं, बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरांत हीच बातमी. आणि ड्यूक ऑफ यॉर्क्सच्या तिकीट खिडकीवर काय झालं असेल ते सांगायला नको, सगळा सीझन हाऊसफुल्ल. जिवंत आहे म्हणतात ना, मग चला, डोळ्यांनी बघून येऊ.

आता वेळ खरंच चुकून संपली का? जादूच्या जगात फार थोडे लोक ते मान्य करतात. ज्या माणसाचा सगळा धंदा टायमिंगवर, सेकंद इकडचा तिकडे होऊ न देणारा, त्याचं टायमिंग नेमकं त्या रात्री, नेमकं काळं कापड टाकल्यावर चुकतं? माझं मत विचाराल तर त्यांनी घड्याळ बघूनच ते कापड टाकलं. आणि ह्याबद्दल मला त्यांचा प्रचंड आदर वाटतो. पूर्वेकडचा जादूगार म्हणजे रस्त्यावरची दोरी आणि साप एवढंच समजणाऱ्या लोकांना त्यांच्याच टीव्हीवर, त्यांच्याच सगळ्यात गंभीर कार्यक्रमात ह्या माणसाने खुर्चीला खिळवून ठेवलं, तेही शेवट न दाखवता.

आणि दीप्ती डे. तिचं नाव मी मुद्दाम दोनदा घेतोय. जादूगाराचं नाव पोस्टरवर, आणि जी न हलता, पापणी न लववता, करवतीखाली पडून राहिली तिचं नाव कुठेच नाही, हे मला पटत नाही. त्या रात्री जी भीती वाटली ती करवतीची कमी आणि तिच्या न हलण्याची जास्त. असिस्टंट ही वस्तू नाही, ती नटी आहे, तिचं नाव निवेदनात घ्या, पाटीवर लिहा, मानधनही नीट द्या.

तर ह्यातून तुमच्या आयटमसाठी काय घ्यायचं? थांबायला शिका. हे मी परत परत सांगणार, थांबायला शिका. तुम्ही स्वयंपाकघरात असाल तर कुकरची शिट्टी यायच्या आधीची सूंऽऽ ऐकत असाल, शिट्टीपेक्षा त्या सूंनेच आपण मान वळवतो. करवत थांबल्यावर ते चार-पाच श्वास बोलू नका, म्युझिक बंद, चेहरा असिस्टंटकडे, प्रेक्षकांकडे नाही. नवीन पोरं इथेच घाई करतात, टाळ्या हव्या असतात त्यांना. आणि आधी एकदा हत्यार खरं आहे हे दाखवा, न बोलता. मोठे जादूगार करवतीने आधी लाकडाची फळी कापतात, भुसा उडतो, वास येतो, झालं काम. तलवार असेल तर तिने काकडी कापा, पहिल्या रांगेतल्या काकांच्या हातात द्या ती काकडी.

आता दुसरा भाग, आणि हा मला हात जोडून सांगायचाय. धोका खरा नको. बंदुकीची गोळी झेलण्याची जादू करणारा चंग लिंग सू लंडनमध्येच, वुड ग्रीन एम्पायरला, 23 मार्च 1918 ला स्टेजवर कोसळला. बंदूक झिजली होती, दारू जायला नको त्या नळीत गेली आणि खरी गोळी सुटली. तो मूळचा अमेरिकन, विल्यम रॉबिन्सन, स्टेजवर कायम चिनी बनून राहिला, इंग्रजी कधी बोलला नाही, त्या रात्री इंग्रजीत म्हणाला पडदा पाडा. दुसऱ्या दिवशी गेला. वर्षानुवर्षं केलेला आयटम होता हो तो, रोजचाच.

आणि लांब कशाला जायचं, 2019 च्या जूनमध्ये कोलकात्याला चंचल लाहिरी, जादूगार मँड्रेक नावाने शो करायचे, हातपाय दोरीसाखळीने बांधून घेऊन हुगळी नदीत उतरले. वर आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशी मृतदेह मिळाला. काठावर लोक बघत होते, आणि बघणाऱ्याला सुरुवातीला कळतच नाही की हा आयटमचा भाग आहे की माणूस बुडतोय. धोक्याच्या जादूतली सगळ्यात भयंकर गोष्ट हीच आहे. तुम्ही मदत मागितली तरी लोकांना तो अभिनय वाटतो. म्हणून विंगेत एक माणूस असा ठेवा ज्याचं दुसरं काही काम नाही, आणि त्याच्याशी एक शब्द ठरवा, तो शब्द आयटममध्ये कुठेही नको. तो शब्द ऐकला की पडदा. विचारायचं नाही, पडदा.

आग, खोल पाणी, दारूगोळा, गळ्याभोवती काहीही, हे हौशी माणसाने करूच नये. घरात गॅस लीक वाटला तर आपण लाइटचं बटणसुद्धा दाबत नाही, मग मांडवात, कापडी पडद्याशेजारी, खाली पोरं बसलेली असताना तोंडातून जाळ काढायचा? आयोजकांनीच नाही म्हणावं. मंडळाच्या अध्यक्षांना वाईट वाटलं तरी चालेल.

अजून एक. आपल्याकडे अंनिसचे, म्हणजे अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते शाळाशाळांतून जिभेवर पेटता कापूर ठेवून दाखवतात आणि मग त्यामागचं कारण समजावतात, चांगलं काम आहे. 2013 मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो भोंदूगिरीच्या विरोधात आहे, आपल्या कलेच्या नाही. पण मग आपणही स्टेजवर मंत्र, अंगात येणं, सिद्धी असलं काही आणू नये. करवत, कौशल्य आणि सराव एवढं पुरेसं आहे, पुण्याच्या जादूगार रघुवीरांचे शो ज्यांनी लहानपणी बघितलेत त्यांना विचारा, निव्वळ हातचलाखी आणि बोलण्यावर सभागृह कसं भारून जायचं.

आणि पोरं समोर असतील तर सरकारांसारखा शेवट अर्धा सोडू नका, तो टीव्हीसाठी होता आणि मोठ्यांसाठी होता. असिस्टंटला उठवा, पुढे आणा, चालायला लावा, तिलाच बोलू द्या, "मी बरी आहे, आणि हे घरी करायचं नाही." हे तिने सांगितलं की पोरं ऐकतात, निवेदकाचं ऐकत नाहीत. मग हॉलचे लाइट पूर्ण लावा, दोन मिनिटं गलका होऊ द्या, आणि पुढचा आयटम हलका घ्या, रिंगा नाहीतर दोरीची गाठ. दोरीच्या गाठीवर पुढच्या आठवड्यात बोलू, दीड मीटर सुती दोरी जवळ घेऊन बसा, नायलॉनची नको, ती घसरते. नमस्कार.