खिडकीच्या खांबावरची दोन नावे

श्रोतेहो, नमस्कार. आज मी तुम्हाला जपानमधल्या एका खेड्यातल्या घरात नेणार आहे, आणि त्या घरातल्या एका लहानशा खोलीत, एका खिडकीपाशी. खिडकी तेवढी लक्षात ठेवावी, कारण पुढचे सारे बोलणे तिच्याभोवतीच फिरणार आहे.

हे घर ताकेहिसा युमेजी यांचे आहे. ते चित्रकार होते आणि कवीही होते. 1909 साली त्यांचा पहिला चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला, तो हातोहात खपला, आणि लांबट चेहऱ्याच्या, मोठ्या उदास डोळ्यांच्या त्यांच्या स्त्रिया जपानमध्ये घरोघरी पोहोचल्या. 1914 साली त्यांनी टोकियोत स्वतःच्या नक्षीचे पत्रांचे कागद, पाकिटे आणि ठशांची चित्रे विकणारे दुकानही काढले. चित्र हे रोजच्या वापरातल्या वस्तूवर असावे, असे मला नेहमी वाटत आले आहे; काचेच्या कपाटात कुलूपबंद झालेल्या चित्रापेक्षा आईने मुलीला लिहिलेल्या पत्राच्या कोपऱ्यातले फूल अधिक काळ मनात राहते.

ओकायामा स्थानकावरून आको मार्गाची गाडी धरली की अर्ध्या तासाच्या आत ओकु हे छोटे स्थानक येते. तिथून पुढे भातखाचरे आणि त्यांच्या पलीकडे बुटके डोंगर. पूर्वी या गावाला होंजो म्हणत. आज ते सेतोउची शहराच्या हद्दीत मोडते. मी गेलो तेव्हा भात कापणीला आले होते. युमेजींचा जन्म इथे 16 सप्टेंबर 1884 रोजी, मद्याचा व्यापार करणाऱ्या कुटुंबात झाला. गवताने शाकारलेले ते घर अजून उभे आहे.

घरात शिरताच प्रथम जाणवतो तो अंधार. खोल्या बुटक्या, लाकूड काळवंडलेले, आणि प्रकाश येतो तो एकाच बाजूने, त्या खिडकीतून. लहानपणी युमेजी ज्या खोलीत असत, तिची ही खिडकी. तिच्या खांबावर दोन नावे लिहिलेली आहेत. एक नाव मात्सुका, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीचे, आणि शेजारचे दुसरे नाव त्यांचे स्वतःचे. बहिणीवर त्यांचा फार जीव होता. तिचे लग्न होऊन ती सासरी गेली, घर सुने झाले, आणि त्या मुलाने खांबावर तिचे नाव लिहिले. शेजारी आपले लिहिले, ते मात्र उलट्या अक्षरांत, आरशात दिसावे तसे.

मी त्या खांबापुढे उभा होतो, तेव्हा शेजारी एक आजी आपल्या नातवाला घेऊन आल्या. नातू सात-आठ वर्षांचा असेल. त्याने पहिले नाव चटकन वाचले आणि दुसऱ्यापाशी अडखळला. मान तिरकी करून पाहिली, वाकून पाहिले, तरी जमेना. आजींनी काही न बोलता पिशवीतून हातात मावेल एवढा गोल आरसा काढला, खांबाकडे पाठ करून त्याला उभे केले आणि आरसा त्याच्या डोळ्यांसमोर धरला. मुलाने ते नाव मोठ्याने वाचले. मग तो थोडा वेळ गप्प राहिला आणि आजींना म्हणाला, “आता ताईचे नाव उलटे झाले.”

श्रोतेहो, मोडक्यातोडक्या जपानीच्या बळावर मला ते वाक्य कळले, आणि त्यानंतर त्या घरात मी दुसरे काहीही नीट पाहू शकलो नाही. ते अगदी खरे होते. खांबाकडे थेट पाहिले तर बहिणीचे नाव सुलटे आणि भावाचे उलटे. आरशात पाहिले तर भावाचे सुलटे आणि बहिणीचे उलटे. दोन्ही नावे एकाच वेळी सुलटी वाचता येत नाहीत. त्या मुलाने लिहिताना एवढा विचार केला असेल असे मी म्हणत नाही. मुले सहज म्हणूनही उलटी अक्षरे काढतात. पण ताटातूट म्हणजे काय, ते त्या खांबावर लिहिलेले आहे. आणि मोठ्या माणसांनी ते पुसले नाही, हे मला फार मोलाचे वाटते. मुलांनी भिंतीवर काही लिहिले की आपण आधी रागावतो आणि मग चुना लावतो. एवढी घाई करू नये.

पुढे 1899 साली युमेजी शिकायला कोबेला गेले, वर्षभरात सारे कुटुंबच क्यूशू बेटावर राहायला गेले, आणि गाव सुटले. खिडकी मात्र सुटली नसावी, असे मला वाटते. त्यांच्या चित्रांतल्या स्त्रिया कोणाची तरी वाट पाहत असतात. त्यांची सर्वांत गाजलेली कविता अवघ्या तीन ओळींची आहे, संध्याकाळी उमलणाऱ्या एका फुलाच्या नावाची, आणि तीही वाट पाहण्याचीच आहे. 1918 साली तिची चाल छापून आली आणि ती साऱ्या देशाच्या तोंडी बसली. या कवितेमागे चोशीच्या किनाऱ्यावर भेटलेली एक तरुणी आहे, असे सांगतात, आणि ते खरेच आहे. पण वाट पाहणे हा मुलगा त्याच्या कितीतरी आधी, या खांबापाशी शिकला होता.

1 सप्टेंबर 1934 रोजी, पन्नाशी पूर्ण व्हायला पंधरा दिवस उरले असताना, क्षयाने त्यांचे निधन झाले. टोकियोत त्यांनी स्वतः आराखडा करून बांधलेले घर 1979 साली या जन्मघराशेजारी पुन्हा उभारण्यात आले आहे. तेही मी पाहिले. बाहेर आलो तेव्हा बाकावर तो नातू बसला होता. आजींचा आरसा त्याने मागून घेतला होता, आणि त्यावर तोंडाची वाफ सोडून तो बोटाने आपले नाव उलटे लिहून पाहत होता.