तिकिटावरचे तास

नमस्कार श्रोतेहो. आज बोलायचंय मुंबई ते न्यूयॉर्क या प्रवासाबद्दल. अंतर साधारण 12,500 किलोमीटर. विमान ताशी 850 ते 900 किलोमीटरनं जातं. भागाकार केलात तर चौदा-पंधरा तास येतात. खरं तर विषय इथंच संपला. पण मला तासगावच्या तात्यांची गोष्ट सांगायचीच आहे.

तात्या बेदाण्याचे व्यापारी. लेकीनं न्यूयॉर्कहून थेट विमानाचं जानेवारीचं तिकीट पाठवलं. मुंबईहून रात्री एकला निघायचं, त्याच तारखेला सकाळी साडेसहाला न्यूयॉर्क. तात्यांनी बोटं मोजली आणि लेकीला फोन लावला. "अगं, साडेपाच तासात अमेरिका? हितनं मुंबईला एसटी आठ-नऊ तास घेतीया!"

मग परतीचं तिकीट बघितलं. दुपारी बाराला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मुंबई. म्हणजे साडेचोवीस तास. "आणि येताना काय गावोगाव थांबतंय व्हय?"

लेक म्हणाली, "तात्या, निघायची वेळ तिथल्या घड्याळाची, पोचायची इथल्या." श्रोतेहो, हे पुन्हा सांगतो: तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची असते. त्या त्या गावची!

तात्यांनी सौद्याची एक जुनी पावती उलटी केली आणि पेन काढलं. साडेपाच अधिक साडेचोवीस, तीस. "जाताना जेवढं लपवलंय, तेवढंच येताना वाढवून लावलंय. बेरीज खोटी नाही. तिसाचे निम्मे, पंधरा." मग लेकीला विचारलं, "तुझ्याकडं आत्ता किती वाजले?" तिच्याकडं सकाळचे दहा, तासगावात रात्रीचे साडेआठ. फरक साडेदहा तासांचा. साडेपाचात मिळवले, जाताना सोळा. साडेचोवीसातून वजा केले, येताना चौदा. काकूंनी लगेच भडंगाची पाकिटं दुप्पट केली. योग्यच केलं. विमानातलं जेवण म्हणजे नुसतं झाकण उघडण्याचं सुख.

आता जाताना सोळा आणि येताना चौदा का? तर वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडं जोराचा वारा वाहतो, हिवाळ्यात तर फारच. येताना तो पाठीशी असतो, जाताना तोंडावर.

आणि वाट? भिंतीवरचा नकाशा बघून तुम्ही म्हणाल, सरळ पश्चिमेला अरबस्तान, आफ्रिका, मग अटलांटिक. पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा. तो उत्तरेला चढतो. रशिया, नॉर्वे, आइसलँड करत न्यूयॉर्कला उतरतो. सगळ्यात जवळची वाट तीच. वारा आणि बंद असलेली हवाई हद्द बघून वैमानिक प्रत्यक्षात थोडं वळणानं नेतात, तो भाग वेगळा. माझं तर मत आहे, शाळेत संगणक नंतर द्या, आधी वर्गात एक गोल ठेवा. आणि हो, आपल्या सांगलीजवळच्या कवलापूरच्या विमानतळाची चर्चा ऐकत आपण म्हातारे झालो, तेही जाता जाता बोलून घेतो.

एवढं मात्र टिपून ठेवा: साडेदहा तासांचा फरक हिवाळ्यातला. मार्चमध्ये अमेरिकेत घड्याळं तासभर पुढं करतात, ती नोव्हेंबरात पुन्हा मागं येतात. तेवढ्या काळात साडेनऊ धरा. साडेनऊ!