रजिस्टरवरचं पुठ्ठं

(जागतिक परिचारिका दिनानिमित्त इंदूरला राजवाड्याजवळच्या एका हॉलमध्ये झालेलं व्याख्यान, थोडं संपादन करून)

नमस्कार मंडळी. माझ्या समोरच्या दोन रांगांमध्ये नर्सिंगच्या पोरी बसल्यात, नाईट करून थेट आल्यात त्यातल्या काही, त्यांच्याकडे बघूनच बोलते.

1994 सालची गोष्ट. इथल्याच एका प्रायव्हेट हॉस्पिटलमध्ये मी स्टाफ नर्स होते. पगार रोख मिळायचा. अकाउंटंटच्या टेबलावर एक लांबलचक रजिस्टर असायचं, प्रत्येकाच्या नावापुढे रक्कम, त्यापुढे रेव्हेन्यू स्टॅम्प, त्यावर सही करायची. आणि सही करताना अकाउंटंट भाऊ वरच्या-खालच्या ओळींवर पुठ्ठं ठेवायचे, म्हणजे तुम्हाला फक्त तुमचीच ओळ दिसावी. त्या महिन्यात फोन वाजला, ते वळले आणि पुठ्ठं सरकलं. माझ्या नावापुढे 1,100. वरची ओळ आमच्या वॉर्डातल्या ब्रदरची, म्हणजे पुरुष नर्सची, तिथे 1,400.

तो मुलगा माझ्यापेक्षा दोन वर्षं ज्युनियर होता, रायल्स ट्यूब, म्हणजे नाकातून पोटात जाणारी नळी, कशी टाकायची ते त्याला मी शिकवलं होतं. चांगला मुलगा होता, त्याच्यावर माझा राग नव्हता आणि आजही नाही. मी मेट्रनकडे, म्हणजे आमच्या मुख्य नर्सकडे गेले. त्या म्हणाल्या, अगं त्याच्यावर घर आहे ना, तुझं काय, उद्या लग्न होऊन जाशील. आणि माझ्या घरी बाबा तीन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले, धाकटा भाऊ शाळेत, दर महिन्याचा किराणा माझ्याच त्या 1,100 मधून यायचा. घर माझ्यावरही होतं हो, पण ते कुणी विचारलंच नाही.

आता मला कुणी म्हणतं, ताई, हे जुनं झालं, आता सगळ्यांना सारखं. सरकारी नोकरीत पे-स्केल सारखाच आहे, खरं आहे, केंद्राच्या हॉस्पिटलात नर्सिंग ऑफिसर लेव्हल 7 ला लागते, बेसिक 44,900, तिथे बाई की पुरुष ते बघत नाहीत. पण मग फरक येतो कुठून? मी बत्तीस वर्षं वॉर्डात काढली, माझं म्हणणं एवढंच आहे की फरक पगाराच्या स्लिपवर छापला जातो त्याच्या खूप आधी पडलेला असतो, ड्यूटी लिस्ट लागते ना तिथेच.

बघा, ब्रदर आला की त्याला ओटी म्हणजे ऑपरेशन थिएटर, आयसीयू, कॅज्युअल्टी म्हणजे तातडीचा विभाग, डायलिसिस. कारण काय, तर वजन उचलावं लागतं. बरं, मग रात्री दोन वाजता जनरल वॉर्डात नव्वद किलोच्या पेशंटची कूस कोण बदलतं? दोन सिस्टर. चादरीच्या कडा गुंडाळून मुठीत घट्ट धरायच्या, गुडघा कॉटला टेकवायचा, एक-दोन-तीन, आणि सरकवायचं. माझ्या कमरेचा एक्सरे कुणी बघितला तर त्याला ते वजन दिसेल. हे उचलणं कुठल्याही अलाउन्समध्ये येत नाही. आणि आयसीयूचा अनुभव सर्टिफिकेटवर चढतो, तो पुढच्या नोकरीत पैसे आणतो, गल्फला पाठवतो. जनरल वॉर्डाचा अनुभव तसा चालत नाही. ब्रदरलाही एक त्रास आहे बरं का, लेबर रूम आणि फिमेल वॉर्डात त्याला ठेवत नाहीत, तेवढं शिकणं त्याचं राहून जातं. पण पैशाच्या हिशोबात ते त्याच्या विरुद्ध जात नाही.

दुसरं, नोकरी बदलणं. प्रायव्हेटमध्ये पगार जागेवर बसून वाढत नाही, दोन-तीन वर्षांनी दुसरीकडे गेलं की वाढतो. मुलगा भोपाळ, अहमदाबाद, कुठेही जातो. मुलीचं सासर इथल्या पलासिया भागात असेल तर पलासियापासून जितकं लांब हॉस्पिटल तितकी तिची अडचण. मग मूल होतं, दीड-दोन वर्षं सुटतात, परत आली की फ्रेशरच्या पगारावर. आणि काही ठिकाणी तर ओरिजिनल सर्टिफिकेट जमा करून घेतात, बॉन्ड आहे म्हणतात, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडायची नाही असा करार, ती कागदं कपाटात अडकलेली असताना मुलगी पगारावर बोलणार तरी काय?

तुम्ही म्हणाल हे आपल्याकडचं आहे. तर अमेरिकेतलं ऐका. 2015 मध्ये जामा या मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला, 1988 ते 2013 अशा पंचवीस वर्षांच्या आकड्यांचा. अनुभव, शिक्षण, कामाचे तास, स्पेशालिटी सगळं जमेला धरून मग तुलना केली, तरी पुरुष नर्सला वर्षाला सुमारे 5,100 डॉलर जास्त. अनेस्थेशियावाल्या, म्हणजे भूल देणाऱ्या नर्सेसमध्ये तर 17,290. म्हणजे ज्या धंद्यात दहातले नऊ जण बायका आहेत तिथे ही गत! आणि पंचवीस वर्षांत तो फरक कमी झालाच नाही, मी ते वाचलं तेव्हा रात्रभर झोप लागली नाही. 2022 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि आयएलओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, यांनी मिळून सांगितलं, जगभर आरोग्य क्षेत्रात काम करणाऱ्यांत 67 टक्के बायका, आणि वय-शिक्षण-वेळ सारखं धरलं तरी कमाई पुरुषांपेक्षा 24 टक्क्यांनी कमी.

याच्याही खाली एक गोष्ट आहे, आणि मला तीच जास्त खुपते. अख्ख्या कामाचाच भाव पडलेला आहे, कारण ते बायकांचं काम मानलं गेलं. सेवा म्हणायचं, माया म्हणायचं, म्हणजे पैसे विचारणं वाईट दिसतं. न्यूझीलंडमध्ये क्रिस्टीन बार्टलेट म्हणून एक बाई वृद्धाश्रमात काम करायच्या, नर्स नव्हत्या, केअरवर्कर होत्या, वीस वर्षांनंतर तासाला 14.46 डॉलर. त्या कोर्टात गेल्या आणि विचारलं, इतकंच कौशल्य लागणारं काम पुरुषांचं असतं तर एवढेच दिले असते का? 2017 मध्ये सरकारनं तडजोड केली, सुमारे 55,000 लोकांचे पगार वाढले. एका बाईच्या प्रश्नानं!

आपल्याकडेही काही नाही असं नाही. समान कामाला समान पगार हा कायदा 1976 पासून आहे, आता तो वेतन संहितेत गेलाय. जानेवारी 2016 मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रायव्हेट नर्सेसच्या पगारासाठी समिती नेमायला सांगितलं. त्या समितीनं म्हटलं, 200 च्या वर बेड असतील तर राज्य सरकारी नर्सइतकाच पगार, 100 च्या वर असतील तर फार तर 10 टक्के कमी, 50 ते 100 बेडला फार तर 25 टक्के कमी, आणि अगदी छोट्या हॉस्पिटलातही महिन्याला 20,000 च्या खाली नाही. शिफारस आहे, राज्यांनी नियम केले तरच ती लागू होते. पण हा आकडा पाठ करून ठेवा पोरींनो, इंटरव्ह्यूला तुम्ही तो उच्चारलात की समोरच्याला कळतं हिला माहीत आहे.

आणि एकमेकींना पगार सांगा. मी तीस वर्षं सांगितला नाही, लाज वाटायची. ब्रदरनाही विचारा, ते सांगतात, आमच्या त्या ब्रदरनं नंतर स्वतः माझ्यासोबत येऊन मेट्रनला सांगितलं होतं की सिस्टर मला शिकवते, तिला कमी का? पुढच्या महिन्यापासून मला 1,300 झाले. पूर्ण नाही झाले, पण झाले.

पुढच्या रविवारी सकाळी दहाला मी इथेच बसणार आहे. ऑफर लेटरची आणि पगाराच्या स्लिपची झेरॉक्स घेऊन या, ओरिजिनल कुणालाही देऊ नका, मलाही नाही.